‘खांदा दुखतो’ म्हटलं, तर काम जाईल का?

कारखान्यांत समुपदेशनासाठी जायला लागल्यापासून एक प्रश्न मला सतत भेटतो. “मॅडम, दुखतंय म्हणून सांगितलं तर काढून टाकतील का?” विचारणारी बाई बहुतेक वेळा ठेकेदाराकडची असते, आणि विचारताना आधी दाराकडे बघते. या प्रश्नाचं उत्तर मला एका ताईंबरोबर काम करताना सापडत गेलं, म्हणून त्यांचीच हकीकत सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

पिंपरी-चिंचवड भागात गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एक छोटा कारखाना. दर गुरुवारी दुपारी मी तिथे जायचे. ताईंना सुपरवायझरने माझ्याकडे पाठवलं, सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: ‘चिडचिड करते, खाडे वाढलेत.’ पहिल्या दोन भेटींत त्या घरचंच बोलल्या. सासूबाईंचं दुखणं, मुलीची बारावी, झोप लागत नाही. मीही तोच धागा धरला आणि ताण, झोप, श्वासाचे व्यायाम यांवर बोलत राहिले.

तिसऱ्या गुरुवारी चहा आला. ताईंनी कप दोन्ही हातांनी टेबलावरच धरून ठेवला आणि मान खाली घालून तोंड कपाकडे नेलं. मी विचारलं, “हात दुखतो का?” “नाही हो, जरा अवघडलाय.” चहा संपल्यावर खालच्या आवाजात म्हणाल्या, “केस मुलगी बांधून देते. दोन महिने झाले. हात मागे जातच नाही.”

मग एकेक बाहेर आलं. शिफ्टच्या आधी मेडिकलमधून आणलेली गोळी, जेवणाच्या सुट्टीनंतर दुसरी. कमरेला पट्टा, तोही कुणाला दिसू नये म्हणून कुर्त्याच्या आतून. लपवायचं कारण साधं होतं. आदल्या वर्षी लाइनवरच्या एकीने मनगट दुखतंय म्हणून हलकं काम मागितलं होतं, आणि महिना भरताच ठेकेदाराने तिला ‘उद्यापासून येऊ नको’ सांगितलं. त्यामुळे ‘घाबरू नका’ असं ताईंना सांगणं मला जमलं नाही. त्यांच्या भीतीला आधार होता.

ईएसआयचं, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेचं कार्ड त्यांच्या कपाटात तसंच पडून होतं. ठेकेदाराकडे असलं तरी पगारातून वर्गणी कापली जाते, मग उपचारही मिळतात, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. दवाखान्यात खांद्याच्या स्नायूबंधाला सूज असल्याचं निघालं. डॉक्टरांनी व्यायाम दिले, रिकाम्या पोटी रोजच्या गोळ्या बंद केल्या आणि बजावलं, हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. आता काम तर तेच होतं. मी मॅनेजरकडून परवानगी काढली आणि ताईंच्या टेबलाशी उभी राहिले.

पार्टमध्ये अंगठ्याने रबरी सील दाबून बसवायचं, पार्ट हँडप्रेसखाली ठेवायचा, वरचा दांडा खाली ओढायचा. दांड्याची मूठ जमिनीपासून 140 सेंटिमीटरवर. ताईंची उंची 4 फूट 10 इंच, म्हणजे खांदा साधारण 120 वर. दर पार्टला हात खांद्याच्या वर जात होता. भरलेला क्रेट जमिनीवर आणि त्याच्या बरोबर वर भिंतीवर पोस्टर: ‘वजन उचलताना गुडघ्यात वाका.’ क्रेट जमिनीवरच ठेवणार असाल तर ते पोस्टर काढून टाकलेलं बरं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यातून बाईला एवढंच कळतं की दुखलं तर चूक तुझी.

स्टोअररूममध्ये बारा नवी उंच स्टुलं प्लास्टिकसकट एकावर एक रचलेली दिसली. कुणा सल्लागाराने सुचवली आणि वरच्यांनी लगेच घेतली. पण टेबलाखाली मध्ये आडवी पट्टी होती, स्टुलावर बसलं की गुडघे तिच्यावर आपटायचे. दोन दिवसांत सगळ्या जणी परत उभ्या राहिल्या. तेव्हाच्या 1948 च्या कारखाने अधिनियमातल्या कलम 44 नुसार उभ्याने काम करणाऱ्यांना, कामात सवड मिळेल तेव्हा टेकता यावं म्हणून बसण्याची सोय द्यावी लागायची. कागदोपत्री ती दिलीही होती. घेण्याआधी लाइनवरच्या एकीला जरी विचारलं असतं, तरी तिने पट्टीचं सांगितलं असतं.

मी मॅनेजरकडे अर्धा तास मागितला. लाइनवरच्या अठरा जणी हव्यात आणि सुपरवायझर खोलीत नको, एवढ्याच अटी. मोठ्या खाकी कागदावर बाईची आकृती काढली, पुढून आणि मागून. दुखणं कुठे ते दाखवायला प्रत्येकीने तीन खुणा लावायच्या, नाव लिहायचं नाही. खुणांसाठी मी आणलेले गोल स्टिकर कमी पडले, तेव्हा एकीने पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं. दहा मिनिटांत मागच्या आकृतीचा उजवा खांदा लाल-मरून टिकल्यांनी गच्च भरला, एकावर एक. खाली कमरेवर दुसरा पुंजका. पुढच्या आकृतीच्या दोन्ही अंगठ्यांवर सात टिकल्या. खोलीत कुणी बोलेना. मग मागून एकीचा आवाज आला, “अगं, तुलाही?”

ताई त्या वेळी रडल्या. चार महिने त्या स्वतःला कमजोर समजत होत्या.

पुढे त्या कागदाशी उभं राहून आम्ही वाक्यं बदलली. ‘माझा खांदा दुखतो’ हे वाक्य बाईबद्दल होतं, आणि बाई बदलता येते. ‘तीन नंबरच्या टेबलावर दांडा धरायला हात खांद्याच्या वर जातो’ हे वाक्य टेबलाबद्दल. ते अठरा जणींनी मिळून सांगायचं ठरलं.

सुपरवायझर आधी क्रेटवरून अडला. “चौदा किलो म्हणजे काय वजन? घरी पाण्याच्या कळश्या उचलताच ना?” ताईच बोलल्या, “कळशी दिवसातून चार वेळा, सर. हे दीडशे वेळा.” त्याने मोबाइलवर गुणाकार केला. 2,100 किलो, एका शिफ्टला. अमेरिकेच्या नायॉश या कामगार-आरोग्यावरच्या संस्थेच्या, वजन उचलण्याच्या सूत्रात 23 किलोची जी मर्यादा आहे ती सगळं अनुकूल असताना. वजन जमिनीवरून उचलायचं, वारंवार उचलायचं, अंगापासून लांब धरायचं, की ती झपाट्याने खाली येते. हे मी सांगितलं खरं, पण काम केलं ते मोबाइलवरच्या आकड्याने. त्या सुपरवायझरला मी दोष देत नाही. तो स्वतः लाइनवरून वर आलेला होता आणि टार्गेटचं विचारणारं त्याच्याही वर कुणीतरी होतं. बैठक संपताना त्याने हळूच सांगितलं की त्याच्याही कमरेला पट्टा आहे.

उपाय लाइनवरूनच आले. ताईंना पायाखाली पॅलेट हवा होता. दुसरी म्हणाली, फटीत पाय अडकून एखादी पडेल. दुसऱ्या शिफ्टचा उंच मुलगा म्हणाला, टेबल कायमचं खाली केलंत तर माझी पाठ जाईल. मग मेंटेनन्सच्या वेल्डरने टेबलाच्या पायांना आट्यांचे बोल्ट लावले, उंची कमी-जास्त करता येईल असे. आडवी पट्टी मागे सरकवली, स्टुलं बाहेर आली. भंगारातल्या अँगलचा, मांडीच्या उंचीचा चाकांचा स्टँड क्रेटसाठी झाला. आणि दांड्याचं कोडं त्याच उंच मुलाने सोडवलं. दांडा काढून दोन दाते खाली बसवता येतो, हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. कधी बोलला का नाहीस, विचारलं तर म्हणाला, “कुणी विचारलंच नाही.”

आधी एकाच टेबलावर दोन आठवडे करून पाहिलं, मग बाकीच्या. दोन महिन्यांनी कोरा कागद लावला. खांद्यावर पाच टिकल्या आल्या, कमरेवर चार. ताईंचा खांदा मात्र टेबल सुधारलं म्हणून लगेच बरा झाला नाही. व्यायाम सहा महिने चालले.

मला हा प्रश्न विचारणाऱ्या सगळ्यांना सांगते: काम जाणारच नाही, अशी हमी मी देऊ शकत नाही. एकटीने, दुखणं अगदी विकोपाला गेल्यावर, हलकं काम मागायला जाणं सगळ्यात धोक्याचं. आधी शेजारच्या टेबलावर विचारा, तिलाही तिथेच दुखतं का. कोणत्या हालचालीला दुखतं, दिवसातून ती किती वेळा होते, ते मोजून लिहा. शक्य असेल तर दुखण्याबरोबर उपायही सांगा, वरच्याला ‘हो’ म्हणणं सोपं जातं. सुरक्षा समिती असेल तर तिथे विषय मांडा. आणि हाताला मुंग्या येत असतील, वस्तू हातातून सुटत असेल, रात्री दुखण्याने जाग येत असेल, तर बैठकीची वाट न पाहता डॉक्टरकडे जा.

अंगठ्यांवरच्या टिकल्या दुसऱ्या कागदावरही सातच होत्या. सील दाबायला लाकडी ठोकळा करून द्या, असं ताईंनी सुचवलंय. वेल्डरने दोन नमुने केले, दोन्ही हातातून घसरतात. तिसऱ्याला सायकलच्या मुठीचं रबर लावून बघू, असं तो गेल्या गुरुवारी म्हणाला.