पोहता येत नाही, म्हणून समुद्रावरची नोकरी सोडायची का?

नागपूरच्या एका आईंचं पत्र आलंय. मुलाने मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आहे आणि त्याला बॉम्बे हाय या मुंबईजवळच्या समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या प्लॅटफॉर्मवर देखभालीचं काम मिळतंय. पण तिथे हेलिकॉप्टरने जावं लागतं, म्हणून आधी ‘ह्यूएट’ करावं लागेल, म्हणजे पाण्यात उलटलेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर पडण्याचं प्रशिक्षण. पोराला पोहता येत नाही. ‘नकार कळवू का?’ असं त्या विचारतात.

ताई, तुमची भीती खोटी नाही. 28 जून 2022 ला तिथेच, सागर किरण रिगजवळ, हेलिकॉप्टर समुद्रात कोसळलं. त्यातल्या 9 जणांपैकी 4 गेले.

हे प्रशिक्षण आहे ते त्यासाठीच. हेलिकॉप्टरचं इंजिन आणि गिअरबॉक्स वरच्या बाजूला असतात, त्यामुळे पाण्यात पडलं की ते बहुतेक वेळा उलटतं. माणूस डोकं खाली, नाकात पाणी, दार कुठे ते कळत नाही. घाबरलेला माणूस आधी पट्टा सोडतो आणि तरंगायला लागतो. मग खिडकी ढकलायला त्याला आधारच उरत नाही. म्हणून तलावात खोटी केबिन पुन्हा पुन्हा उलटवून क्रम अंगवळणी पाडतात: एक हात खिडकीच्या कडेवर, फिरणं थांबेपर्यंत जागचं हलायचं नाही, मग खिडकी बाहेर ढकलायची, कड घट्ट धरायची आणि शेवटी पट्टा सोडायचा. लाइफ जॅकेट बाहेर आल्यावरच फुगवायचं. आत फुगवलं तर तेच माणसाला आत अडकवतं. यात पोहण्याची परीक्षा नाही, आणि पाणबुडे शेजारीच असतात.

पाण्याखाली थोडा वेळ श्वास घेता यावा म्हणून जे उपकरण असतं, ते मात्र त्याने नीट समजून घ्यावं. एका प्रकारात पिशवी असते. बुडण्याआधी घेतलेला श्वास तिच्यात सोडायचा आणि तीच हवा परत आत घ्यायची. दुसऱ्या प्रकारात दाबाने हवा भरलेली छोटी बाटली असते. ती पाण्याखाली गेल्यावरही तोंडात धरता येते. पण त्या हवेवर असताना वर येताना श्वास रोखायचा नाही, सोडत राहायचा. मीटर-दीड मीटर खोलीवरूनसुद्धा फुफ्फुसाला इजा होऊ शकते. दमा किंवा कानाचा त्रास असेल तर तो वैद्यकीय तपासणीत लपवू नका, ही माझी कळकळीची विनंती.

हाताशी महिना असेल तर त्याला रोज सकाळी जलतरण तलावावर प्रशिक्षकाकडे पाठवा. आधी नुसतं तोंड पाण्यात घालून श्वास सोडायला शिकू दे. नाकात पाणी गेलं तरी शांत राहता आलं, की अर्धं काम झालं. एकट्याने श्वास रोखायचा सराव बिलकुल नको.

पैशांचं सांगते. नोकरीचं पत्र हातात नसताना कुणा एजंटाच्या सांगण्यावरून कोर्सची फी भरू नका. कंपनीला लेखी विचारा: खर्च कोण करणार? उड्डाणात श्वासाचं उपकरण मिळतं का? सराव त्याच प्रकारावर होतो का? उत्तर टाळलं, तर मीही नकारच द्या म्हणेन.

आणि ताई, तुमच्या दोन पानी पत्रात त्याचं स्वतःचं म्हणणं कुठेच नाही. पुढचं पत्र त्याला लिहू द्या.