भिशीचे ६० हजार आणि स्वतःसाठी गेमिंग कन्सोल: घ्यावा का?

नाशिकच्या एका ताईंचा मेसेज आलाय. वय ४१, खासगी हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स, हातात ४६ हजार येतात, मिस्टरांचं गॅरेज आहे, त्यात कधी २५ तर कधी ४० हजार. होम लोनच्या हप्त्यासकट घरखर्च ५८ हजार. बँकेत ९० हजार, ५० हजारांचं गोल्ड लोन १२ टक्क्यांनी चालू आहे, आणि पुढच्या महिन्यात भिशीचे ६० हजार मिळणार आहेत. १० जणींची भिशी, महिना ६,०००, यांचा नंबर पाचवा. ताईंना हातात धरून खेळायचा गेमिंग कन्सोल घ्यायचाय, मुलासाठी नाही, स्वतःसाठी. दिराने आसुसचा रॉग अ‍ॅली सुचवलाय, दुकानदार नो कॉस्ट ईएमआय देतोय, दुबईचा भाऊ म्हणतो निन्टेन्डो स्विच मी आणतो, आणि सासरे म्हणतात गेम म्हणजे जुगार. शेवटी त्यांनी लिहिलंय, "नाईट करून घरी आलं की झोप लागत नाही, फोन हातात घेतला की ड्युटीचा ग्रुप सुरू, मला एक तास कुणी बोलावणार नाही असं काहीतरी हवंय. या वयात हे शोभतं का?"

ताई, शोभतं की नाही हा प्रश्नच मी बाजूला ठेवते, कारण तो पैशाचा नाहीये. तुम्ही कमावता, घर चालवता, आणि डोकं शांत व्हायला तासभर काहीतरी मागताय, यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही. उत्तर सरळ सांगते. घ्या, पण दिरांनी सुचवलेला ७० हजारांचा नको, ईएमआयवर नको, आणि पुढच्या महिन्यात लगेच तर नकोच. सगळं मिळून २२ हजार ही मर्यादा धरा, म्हणजे कन्सोल, कव्हर, मेमरी कार्ड आणि पहिले दोन गेम धरून. आता हा आकडा कुठून आला ते सांगते.

भिशी उचलली की आपल्याला वाटतं ६० हजार आले, पण तसं नसतं हो. तुमचा नंबर पाचवा, म्हणजे त्या महिन्याचा हप्ता धरून तुम्ही भरलेले असतील ३० हजार आणि पुढचे पाच महिने अजून ३० हजार भरायचेत. म्हणजे हातात आलेल्यातले निम्मे पैसे तुमची बचत आणि निम्मे बाकीच्या मैत्रिणींनी दिलेलं बिनव्याजी कर्ज. बिनव्याजी कर्ज हातात असताना १२ टक्क्यांचं कर्ज तसंच ठेवून मौजेची वस्तू आणायची हे मला पटत नाही. म्हणून ते ३० हजार ज्या दिवशी भिशी मिळेल त्याच दिवशी गोल्ड लोनमध्ये भरा. ५० हजारांवर वर्षाचं व्याज ६,०००, तीस भरले की त्यातले ३,६०० वाचतात, म्हणजे महिन्याला ३०० रुपये, आणि हे ३०० लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहेत. भरताना काउंटरवर विचारा की आतापर्यंतचं व्याज किती झालंय, कारण भरलेली रक्कम आधी व्याजात जाते आणि उरलेली मुद्दलात, तर व्याज वेगळं भरून पूर्ण ३० हजार मुद्दलातून कमी झाले अशी पावती घ्या.

राहिले तुमचे स्वतःचे ३० हजार. त्यातले ८ हजार बँकेतल्या ९० हजारांत टाका, कारण ५८ हजार खर्च असलेल्या घराला ते ९० हजार दीडच महिना पुरतात आणि तुमच्याकडे एका माणसाचं उत्पन्न वर-खाली होतंय. गॅरेज दोन महिने थंड पडलं तर तुमच्या एकटीच्या पगारात घर चालणार नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये. उरले २२. भिशीचे पुढचे पाच हप्ते पगारातून जातच राहणार आणि ते संपले की तेच ६,००० आरडीला लावा, नवीन भिशी लगेच धरू नका.

आता दिरांच्या सल्ल्याबद्दल. रॉग अ‍ॅली वाईट अजिबात नाही, उलट त्याची एक गोष्ट मला आवडते की तो भारतात अधिकृत विकला जातो, २०२३ च्या जुलैमध्ये ६९,९९० ला आला होता, बिल मिळतं, वॉरंटी मिळते, सर्व्हिस सेंटर आहे. पण तो मुळात विंडोजचा छोटा कॉम्प्युटर आहे. सुरू केला की अपडेट, ड्रायव्हर, हे सेटिंग ते सेटिंग, ज्याला त्यात मजा येते त्याच्यासाठी छान, पण नाईट करून आलेल्या माणसाला ते नकोय. वजन ६०८ ग्रॅम, जड गेम लावला की बॅटरी दोन तासही धड टिकत नाही. शिवाय या प्रकारात नवीन मॉडेल फार भराभर येतात, २०२३ ला अ‍ॅली, २०२४ ला अ‍ॅली एक्स, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एक्सबॉक्सच्या नावाचा अ‍ॅली, त्यामुळे जुन्याची विकायची किंमत पडते. पहिल्यांदाच हात घालणाऱ्या माणसाने जी वस्तू विकताना कमी पैसे बुडतील तीच घ्यावी, कारण तीन महिन्यांनी कळलं की आपल्याला हे जमत नाही तर बाहेर पडता आलं पाहिजे.

आणि नो कॉस्ट ईएमआयचं एकदा समजून घ्या. बँक व्याज लावतेच, दुकान किंवा कंपनी तेवढी रक्कम किंमतीत सूट म्हणून दाखवते, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्याच खिशातून जातो, वर प्रोसेसिंग फी, आणि रोख घेतलं असतं तर दुकानदाराने जे हजार-दोन हजार कमी केले असते ते गेले. एखादा हप्ता चुकला तर कार्डाचं व्याज वर्षाला ३६ ते ४२ टक्क्यांच्या घरात. मौजेच्या वस्तूला माझा नियम एकच आहे, पूर्ण पैसे हातात असतील तर घ्यायची.

मग स्विच. ताई, तुमच्या गरजेला मला स्विचच जास्त जवळचा वाटतो, आणि तो पण स्विच लाईट, म्हणजे त्याचं फक्त हातात धरून खेळायचं छोटं मॉडेल. वजन २७५ ग्रॅम, बॅटरी गेमप्रमाणे ३ ते ७ तास, बटण दाबलं की झोपतो, परत दाबलं की जिथे सोडलं तिथूनच पुढे सुरू, म्हणजे मध्येच कुकरची शिट्टी झाली, मुलाने हाक मारली तरी काही बिघडत नाही. यावर फोन येत नाही, ग्रुप येत नाही. तुम्हाला जे हवंय ते नेमकं हेच आहे. एक लक्षात घ्या, लाईट टीव्हीला जोडता येत नाही, त्याचे कंट्रोलर सुटे होत नाहीत. घरच्यांनी मिळून टीव्हीवर खेळायचं असेल तर साधा स्विच लागेल, पण मग तो मुलाचा होईल आणि तुम्ही परत फोन घेऊन बसाल, हे मी बऱ्याच घरांत बघितलंय.

स्विच २, म्हणजे स्विचचं नवीन मॉडेल, सध्या डोक्यातून काढा. तो ५ जून २०२५ ला आला, अमेरिकेत ४४९.९९ डॉलरला, इथे येईपर्यंत किंमत अजून चढते, आणि त्याच्या गेमच्या काही कार्डांमध्ये गेमच नसतो, कार्ड लावून गेम इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागतो. जुन्या स्विचचे गेम इतके आहेत की नवीन माणसाला काही वर्षं कमी पडायचे नाहीत.

अडचण अशी की निन्टेन्डो भारतात अधिकृत विकत नाही. इथे जे मिळतं ते आयात केलेलं, दुकानदार स्वतःची काय ती वॉरंटी देईल तेवढीच, कंपनीची इथे नाही. त्यांच्या ऑनलाइन दुकानाला भारताचा विभाग नाही, लोक अकाउंटला दुसरा देश लावतात आणि गिफ्ट कार्ड घेतात, भारतातलं कार्ड बऱ्याचदा चालत नाही, चाललं तरी परकीय चलनाचा मार्कअप, म्हणजे बँकेचा जादा आकार, आणि त्यावर जीएसटी. त्यामुळे तुम्ही कार्डावरचे गेम घ्या, म्हणजे कॅसेट म्हणतो ना आपण त्या. निन्टेन्डोच्या स्वतःच्या गेमची किंमत वर्षानुवर्षं फारशी उतरत नाही, घेताना ते टोचतं, पण म्हणूनच वापरलेली कॅसेट विकताना पण चांगले पैसे येतात. एक संपवायची, विकायची, दुसरी घ्यायची. जवळपास कुठल्याही देशाची कॅसेट चालते, फक्त गेममध्ये इंग्रजी आहे ना तेवढं बघा, काही जपानी कॅसेटमध्ये नसतं.

भावाने दुबईहून आणणं वाईट नाही, पण दोन गोष्टी. एक, वॉरंटी तिकडचीच, बिघडला तर परत जाणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेत पाठवा हा खेळ सुरू. दुसरं, सामानाची ड्युटी फ्री मर्यादा किती ते निघायच्या आधी कस्टमच्या साइटवर बघायला सांगा आणि त्याच्या वर जात असेल तर जाहीर करून ड्युटी भरा, खोका फेकून दे आणि वापरलेला म्हणून आण असले सल्ले मिळतील, ते ऐकू नका. आणि पैसे भावाला आधीच ट्रान्सफर करा, "राहू दे गं, नंतर बघू" मध्ये बहीण-भावाचे हिशेब विनाकारण लांबतात.

पण या सगळ्याच्या आधी एक महिना काहीच विकत घेऊ नका. म्हणजे जवळपास काहीच नाही. स्टारड्यू व्हॅली नावाचा शेतीचा गेम आहे, २०१६ चा, एका माणसाने एकट्याने बनवलेला, बी पेरायचं, पाणी घालायचं, गावातल्या लोकांशी बोलायचं, घाई कसलीच नाही. तो फोनवर पण मिळतो, काहीशे रुपयांत, एकदाच पैसे, मध्ये जाहिरात नाही. मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर स्टीम, म्हणजे कॉम्प्युटरचे गेम विकणारं ऑनलाइन दुकान, टाकून पण घेता येईल, तिथे किंमत रुपयांत असते, सेलमध्ये कमी होते, आणि १४ दिवसांच्या आत व दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात. महिनाभर नाईटनंतर फोन डू नॉट डिस्टर्बवर टाकून हा खेळून बघा. हात आपोआप तिकडे जायला लागला, आणि फोनमुळेच चिडचिड होतेय असं वाटलं, तर कन्सोल घ्यायचं कारण खरं आहे. चार दिवसांत कंटाळा आला तर तुमचे वीस-बावीस हजार वाचले.

महिन्यानंतर वापरलेला स्विच लाईट शोधा आणि १५ हजारांच्या वर जाऊ नका. कुरियरने मागवू नका, समोरासमोर भेटून घ्या आणि अर्धा तास काढा. सेटिंगमध्ये कंट्रोल स्टिक, म्हणजे अंगठ्याने फिरवायची दांडी, कॅलिब्रेट करायचा (नीट जुळवून घ्यायचा) पर्याय असतो, तो उघडून स्टिक दाबा, मग पूर्ण सोडून द्या आणि नुसतं बघा. पडद्यावरची खूण मधोमध स्थिर राहिली पाहिजे, आपण हात न लावता ती सरकत असेल तर ड्रिफ्ट आहे, आणि लाईटमध्ये स्टिक अंगातच बसवलेली असल्यामुळे तो उघडल्याशिवाय दुरुस्ती होत नाही, तिथेच नमस्कार करून निघायचं. मग तुमच्या फोनचा हॉटस्पॉट देऊन निन्टेन्डोचं ऑनलाइन दुकान उघडतंय का बघा, कारण आधीच्याने काही उचापत केल्यामुळे कंपनीने कन्सोल बॅन केला असेल तर तो ऑनलाइन जाणारच नाही. एक कॅसेट घालून गेम सुरू करा, चार्जर लावून वायर जरा हलवून बघा चार्जिंग तुटतं का, आणि त्याचं अकाउंट तुमच्यासमोर काढायला लावा. "हजारो गेम भरलेले" चायनीज कन्सोल पाच-सहा हजारांत दिसतील, त्यातले गेम चोरीचे असतात, सोबतचं मेमरी कार्ड हलक्या दर्जाचं असतं, मी ते सुचवणार नाही.

चालू खर्च म्हणाल तर वर जे व्याजाचे महिना ३०० वाचले ते, आणि त्यात पगारातले २०० घाला, झाले ५००, वर्षाला ६ हजार. जुनी कॅसेट विकून आलेले पैसे त्यातच. अकाउंटला कार्ड सेव्ह करून ठेवू नका, सुरुवातीला ऑनलाइन मेंबरशिप लागत नाही, आणि जे गेम फुकट म्हणून आत बोलावतात आणि मग आत दर दोन मिनिटांनी काहीतरी विकत घ्यायला लावतात त्यांच्यापासून लांबच रहा, खरा पैसा तिथे जातो, आणि तो गेलेला दिसत पण नाही.

सासऱ्यांना एवढंच सांगा की पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी आणली, आणि तुम्ही जे घेताय त्यात पैसे लावायचेच नाहीत, एकदा कॅसेट घेतली की संपलं. त्यांची काळजी खोटी नाहीये, पैसे लावायच्या त्या ॲपमध्ये घरंच्या घरं बुडालीत, म्हणून चिडून नको, बसून सांगा. मिस्टरांपासून मात्र काही लपवू नका, भिशीचे तीस गोल्ड लोनला, आठ बँकेत, बावीस माझे, हा हिशेब आधी त्यांच्यासमोर मांडा. मुलगा मागेलच. त्याला आठवड्यातले ठरलेले दोन तास द्या, निन्टेन्डोचं पालकांसाठी फोनवर ॲप आहे, त्यात वेळ बांधून देता येते, पण नाईट ऑफच्या दिवशीचा तास तुमचाच.

जाता जाता एक विचारते, तुमच्या हॉस्पिटलच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये मिस्टर आणि मुलगा धरलेत का? एचआरला विचारून मला कळवा. धरले नसतील तर भिशी संपल्यावर आरडीला जाणाऱ्या त्या ६ हजारांतला काही भाग आपण आधी फॅमिली फ्लोटरला, म्हणजे सगळ्या घराच्या एकत्र आरोग्य विम्याला लावू, कन्सोलच्या २२ हजारांना हात लावायची गरज नाही.