त्या खुर्चीवरून ऊठ

प्रिय बाळा, शालोम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. सोसायटीच्या समितीवर बसून पुनर्विकासासाठी आलेल्या दोन्ही बिल्डरांच्या फायली तू रात्री जागून तपासल्यास आणि पहिला बिल्डर सरस ठरला. तुझ्या बहिणीला नोकरी देऊ केली ती त्यानेच. "पण काका, माझं मन साफ आहे," म्हणतोस. आहेच. मला भीती त्याचीच वाटते.

आपल्या धर्मग्रंथातलं, तोरातलं 'अनुवाद' हे पुस्तक घे, १६:१९ काढ. लाच शहाण्यांचे डोळे आंधळे करते. शहाण्यांचे, नीट वाच. मूर्खाला कारणं सुचत नाहीत, तुला दहा सुचतात. तेव्हा ऊठ त्या खुर्चीवरून.

तालमूदात, आपल्या पंडितांच्या जुन्या ग्रंथात, न्यायनिवाडा करणारे धर्मगुरू रब्बी यिश्माएल बेन योसे यांची गोष्ट आहे. त्यांची बाग वाट्याने कसणारा माणूस दर शुक्रवारी फळांची टोपली आणायचा. फळं रब्बींच्याच बागेतली. एकदा तो गुरुवारीच आला. त्याचा रब्बींपुढे खटला होता, म्हटलं येता येता टोपलीही देऊ. रब्बींनी टोपली परत केली आणि निवाडा दुसऱ्या दोघा पंडितांकडे सोपवला. तरी जाता-येता त्यांच्या मनात येई, याने अमुक मुद्दा मांडला तर जिंकेल, तमुक मांडला तर जिंकेल. टोपली घेतली नव्हती, ती त्यांच्याच मालकीची होती, तरी ही गत! आणि तू मला मनाच्या साफपणाचं सांगतोस?

मी उठलो नव्हतो. सिनेगॉगच्या छपराचं काम निघालं तेव्हा मी विश्वस्त होतो. आई डायलिसिसवर. एका कंत्राटदाराची गाडी आठवड्यातून दोनदा तिला दवाखान्यात न्यायची. मी रुपया घेतला नाही. फक्त त्याच्या कोटेशनमध्ये मला अनुभव दिसला आणि दुसऱ्याच्यात नुसते आकडे. पुढच्या पावसाळ्यात, शब्बाथच्या, शनिवारच्या सकाळी, तोरा वाचतो त्या चौथऱ्यावरच टपटप सुरू झाली. सेफेर तोरा, ती हस्तलिखित गुंडाळी, उचलून कोपऱ्यात नेताना माझे हात कापत होते.

त्या वर्षी पाऊस मोठा होता, हेही खरं. दुसरा कंत्राटदार आम्हाला परवडला नसता. आणि आईला घेऊन मी भर उन्हात रिक्षा शोधत उभं राहायचं होतं का? गाडी घेतली त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. मत दिलं, त्याचं वाटतं.

पहिला बिल्डर खरंच चांगला असेल. असू दे. ते दुसऱ्या कुणाला दिसू दे. बहिणीने नोकरी घ्यावी की नाही, तिचं ती ठरवेल. रविवारी सभा आहे ना? शनिवारी रात्री शब्बाथ संपवणारी हव्दाला प्रार्थना झाली की सेक्रेटरींना चिठ्ठी लिही. नोकरीचं कारण स्पष्ट लिही, 'वैयक्तिक अडचण' लिहू नकोस. आणि फायली त्याच रात्री परत कर, घरात ठेवू नकोस.

तुझा,
काका