वाचकांचे प्रश्न : ख्रिस-मार्टिना, स्टेफी-मोनिका आणि आपले कोर्ट

स्त्रियांच्या टेनिसमधल्या जुन्या लढतींवरचे टिपण मागच्या अंकात छापल्यावर जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली. त्यांतल्या निवडक प्रश्नांना ही उत्तरे.

प्रश्न : नवरातिलोवा ४३, एव्हर्ट ३७. एवढा स्पष्ट हिशेब असताना ‘दोघी तोडीस तोड’ असे तुम्ही कसे लिहिता? – एक वाचक, जळगाव

आकडा बरोबर आहे : मार्टिना नवरातिलोवाने ४३ सामने जिंकले आणि ख्रिस एव्हर्टने ३७. १९७३ ते १९८८ या काळात दोघी ८० वेळा समोरासमोर आल्या. त्यातले ६० सामने अंतिम फेरीचे होते आणि त्यांतही मार्टिना ३६-२४ अशी पुढे आहे. पण सामना कुठल्या कोर्टावर झाला आणि कुठल्या वर्षी झाला, या दोन गोष्टी ही बेरीज सांगत नाही.

आधी कोर्ट. मातीवर त्या १४ वेळा खेळल्या आणि त्यातले ११ सामने ख्रिसने जिंकले. हिरवळीवर १५ वेळा खेळल्या, त्यातले १० मार्टिनाने जिंकले. मातीवर चेंडू टप्पा पडल्यावर मंदावतो आणि वर उठतो. त्यामुळे नेटवर धावून आलेल्या खेळाडूच्या बाजूने पासिंग शॉट मारायला बेसलाइनवरच्या (कोर्टाच्या मागच्या रेषेवरच्या) खेळाडूला जास्तीचा क्षण मिळतो. हिरवळीवर चेंडू घसरत, खाली राहून येतो आणि तोच क्षण नाहीसा होतो. ख्रिसचे सगळे बळ त्या क्षणात होते. ऑगस्ट १९७३ पासून मे १९७९ पर्यंत ती मातीवर सलग १२५ सामने जिंकली. शेवटी रोममध्ये ट्रेसी ऑस्टिनने तिला तिसऱ्या सेटच्या टायब्रेकरवर (६-६ बरोबरीनंतरच्या निर्णायक गेमवर) हरवले.

त्या काळातले वेळापत्रकही पाहायला हवे. १९७४ पर्यंत चारपैकी तीन ग्रँड स्लॅम स्पर्धा हिरवळीवर होत असत. अमेरिकन स्पर्धा १९७५ ते १९७७ अशी तीनच वर्षे मातीवर झाली आणि ती तिन्ही वर्षे ख्रिसने जिंकली. १९७८ पासून तिथे हार्डकोर्ट आले. त्यातच १९७६, ७७ आणि ७८ या वर्षी ख्रिस मातीवरच्या फ्रेंच स्पर्धेसाठी पॅरिसला गेलीच नाही, कारण त्या वेळी ती अमेरिकेत सांघिक लीग खेळत होती. मातीवर तिला कोणी हरवू शकत नव्हते तेव्हाचीच ही वर्षे आहेत. तरीही तिने फ्रेंच स्पर्धा सात वेळा जिंकली.

आता काळ. सुरुवातीची वर्षे ख्रिस बरीच पुढे होती. १९८१ पासून मार्टिनाने स्वतःला नव्याने घडवले. बास्केटबॉलपटू नॅन्सी लिबरमनने तिच्याकडून धावणे, वजने, शरीर यांवर मेहनत करून घेतली. डावपेच आधी रेने रिचर्ड्सने आणि १९८३ पासून माइक एस्टेपने बसवले. एस्टेपचा आग्रह असा की ख्रिसबरोबर बेसलाइनवर रॅली करायचीच नाही. तिची दुसरी सर्व्हिस आली की स्लाइसने (चेंडू खालून कापून) परतवायची आणि त्याच पावलाने नेट गाठायचे.

यात मार्टिनाच्या डावखुऱ्या सर्व्हिसचा वाटा मोठा आहे. अ‍ॅडव्हान्टेज कोर्टात (म्हणजे खेळाडूच्या डाव्या हाताकडच्या अर्ध्या भागात) डावखुरा स्लाइस उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या बॅकहँडकडे वळतो आणि कोर्टाबाहेर निघून जातो. ख्रिससारखा दोन्ही हातांनी बॅकहँड मारणाऱ्याचा हात तिथे पोचायला कमी पडतो. तो बाहेर ओढला गेला की उरलेले अख्खे कोर्ट मोकळे. शिवाय ३०-४०, ४०-३० आणि ड्यूसनंतरचे (४०-४० बरोबरीनंतरचे) अ‍ॅडव्हान्टेज हे गुण याच बाजूला खेळले जातात, म्हणजे गेमचा निकाल बऱ्याचदा इथेच लागतो. १९८२ ते १९८४ मध्ये मार्टिनाने ख्रिसला सलग १३ वेळा हरवले. १९८४ च्या अमेरिकन अंतिम सामन्याला दोघी उतरल्या तेव्हा हिशेब ३०-३० असा होता. तो सामना मार्टिनाने ४-६, ६-४, ६-४ असा घेतला.

आमच्या मते यापुढचा भाग सगळ्यात मोलाचा आहे. ख्रिस तेव्हा तिशीत होती आणि तिने स्वतःचा खेळ बदलला. वजनांचा व्यायाम सुरू केला, लाकडी रॅकेट सोडून ग्राफाइटची घेतली. पासिंग शॉट एका फटक्यात संपवण्याऐवजी पहिला चेंडू मार्टिनाच्या पायाशी खाली टाकायचा, तिला वाकून व्हॉली (टप्पा पडण्याआधीचा फटका) उचलायला लावायची आणि मग दुसरा फटका बाजूने काढायचा. अधूनमधून स्वतःच नेटवर जायचे. पॅरिसमध्ये १९८५ चा अंतिम सामना तिने ६-३, ६-७, ७-५ असा जिंकला आणि १९८६ चा २-६, ६-३, ६-३ असा. एकेरीची ग्रँड स्लॅम विजेतेपदे दोघींची १८-१८. एकीने दुसरीला बदलायला भाग पाडले, आणि मग पहिलीलाही बदलावे लागले. म्हणून आम्ही ‘तोडीस तोड’ लिहिले आणि ते मागे घेणार नाही.

प्रश्न : स्टेफी ग्राफचा फोरहँड एवढा जबरदस्त, तरी मोनिका सेलेसपुढे ती का अडखळायची? बॅकहँड ती नुसता कापत राहायची, हे कमीपणाचे नव्हते का? – एक वाचक, भुसावळ

स्टेफीचा स्लाइस हा पळवाट म्हणून मारलेला फटका नव्हता. चेंडूच्या मागून-खालून रॅकेट जात असल्याने तो नेटवरून जेमतेम वर जाई आणि टप्प्यानंतर गुडघ्याखाली राही. समोरच्याला तो वर उचलावा लागे, उचललेला चेंडू सावकाश येई, आणि तोवर स्टेफी झपझप बारीक पावले टाकत बॅकहँडच्या कोपऱ्यात शिरून फोरहँडला सज्ज असे. स्लाइस आणि तिचे पाय मिळून तो एकच डाव होता. टॉपस्पिन (चेंडूला पुढे फिरकी देणारा) बॅकहँड तिला येत होता आणि पासिंग शॉटला ती तो वापरतही असे.

मोनिकाने हा डाव दोन ठिकाणी मोडला. एक तर ती डावखुरी. तिचा तिरपा फोरहँड थेट स्टेफीच्या बॅकहँडवर पडे आणि तो इतक्या तीव्र कोनात की वळसा घालून फोरहँड घ्यायला जावे तर पाय कोर्टाबाहेर. दुसरे म्हणजे ती बेसलाइनच्या आत उभी राहून चेंडू टप्प्यावरून उठता उठताच घेई. स्लाइस समोरच्याला खाली वाकवतो आणि स्वतःला वेळ मिळवून देतो. मोनिका तो वेळच काढून घेई. दोन्ही बाजूंना दोन हात असल्याने ती कुठल्या दिशेला मारणार हे शेवटपर्यंत कळत नसे.

कोर्टाचा फरक इथेही दिसतो. मातीवर स्लाइस कमरेपर्यंत उठतो. पॅरिसमध्ये १९९० च्या अंतिम सामन्यात पहिल्या सेटच्या टायब्रेकरमध्ये मोनिका २-६ अशी मागे होती. चार सेट पॉइंट वाचवून तिने तो सेट घेतला आणि ७-६, ६-४ असा सामनाही. १९९२ ला तिथेच ६-२, ३-६, १०-८. त्याच वर्षी विम्बल्डनच्या हिरवळीवर स्टेफीने तिला ६-२, ६-१ असे हरवले. खाली राहणाऱ्या चेंडूला दोन हातांनी पोचायला मोनिकाला प्रत्येक वेळी पूर्ण वाकावे लागत होते. शिवाय फटक्याबरोबरच्या तिच्या ओरडण्यावर त्या स्पर्धेत तक्रारी झाल्या होत्या आणि अंतिम सामना ती गप्प राहून खेळली.

३० एप्रिल १९९३ रोजी हॅम्बुर्गमध्ये मॅग्डालेना मालिव्हाविरुद्धचा सामना चालू असताना एका माणसाने बाकावर बसलेल्या मोनिकाच्या पाठीत चाकू खुपसला. तेव्हा ती १९ वर्षांची होती आणि तिच्या नावावर आठ ग्रँड स्लॅम होती. ती परतली ऑगस्ट १९९५ मध्ये. दोघींचा एकूण हिशेब स्टेफी १०, मोनिका ५ असा लिहिला जातो, पण हल्ल्याआधीचे ग्रँड स्लॅम अंतिम सामने वेगळे काढले तर मोनिका ३-१ अशी पुढे आहे. स्टेफीच्या २२ विजेतेपदांचे मोल यामुळे कमी होत नाही. मात्र ही एक लढत अर्ध्यावर तुटली, हे १०-५ लिहिताना त्याच ओळीत लिहायला हवे.

प्रश्न : मी शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. नऊ-दहा वर्षांच्या मुलींना बॅकहँड एका हाताने शिकवावा की दोन? एक मुलगी सेलेससारखा फोरहँडही दोन्ही हातांनी मारते. तिला थांबवू का? – शिरपूर

बॅकहँड दोन हातांनीच सुरू करा. ख्रिस एव्हर्टनेही लहानपणी एका हातात रॅकेट पेलत नव्हती म्हणूनच दोन हात लावले होते. उजव्या हाताच्या मुलीचा उजवा हात मुठीच्या टोकाशी, हातोडी धरतो तसा. डावा हात त्याच्या वर, फोरहँड मारताना तळवा रॅकेटच्या मागे असतो तसा. फटका डाव्या हाताने मारायचा असतो आणि नेमके हेच बिघडते. उजवा हात जोर करू लागला की रॅकेटचे तोंड वर उघडते आणि चेंडू उंच जातो. उपाय असा की रोज पहिले २० चेंडू फक्त डाव्या हाताने, मूठ जरा वर धरून मारायला लावा. चेंडू पुढच्या पायाच्याही थोडा पुढे भेटला पाहिजे. उशीर झाला की कोपरे अंगाला चिकटतात. सोबत एका हाताचा स्लाइसही शिकवा, कारण लांब गेलेल्या चेंडूला तोच उपयोगी पडतो.

या वयाला पूर्ण दाबाचा पिवळा चेंडू देऊ नका. नारिंगी ठिपक्याचा चेंडू निम्म्याने मंद असतो आणि त्यासाठी सुमारे १८ मीटर लांबीचे छोटे कोर्ट आखतात. रॅकेट २५ किंवा २६ इंची घ्या. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे सिमेंटचे कोर्ट आणि चेंडू दोन्ही तापतात, आतली हवा फुगते आणि टप्पा मुलींच्या खांद्यावर जातो. तिथे खांदा उचलून मारायची खोड लागली की नंतर सुटत नाही. सरावाची वेळ उन्हे चढण्याआधीची ठेवा.

दोन हातांच्या फोरहँडला लगेच थांबवू नका, पण त्याची किंमत तिला दाखवा. हाताची पोच कमी होते, म्हणून प्रत्येक रुंद चेंडूला एक पाऊल जास्त टाकावे लागते. पाय खरेच चपळ असतील तर चालू द्या. नसतील तर साधारण अकराव्या वर्षापर्यंत एक हात सोडवा.

प्रश्न : आजोबांची लाकडी रॅकेट घरी आहे. तार बदलून खेळता येईल का? – अमळनेर

आधी तिची दांडी आणि चौकट डोळ्यांच्या रेषेत धरून पाहा. पीळ पडला असेल तर भिंतीवरच शोभेल. सरळ असेल तर गळ्याजवळच्या थरांमध्ये फट आहे का ते नखाने तपासा. ताण ५० पौंडांच्या वर नको. पॉलिस्टरची तार नको, ती कडक असते आणि जुने लाकूड चिरते. मऊ नायलॉनची चालेल. न खेळताना रॅकेट लाकडी शिकंज्यात ठेवा आणि चारही नट सारखे आवळा, कारण एक कोपरा जास्त आवळला गेला तर शिकंजाच तिला पीळ देतो. पत्र्याच्या छपराखाली ठेवू नका. उन्हाळ्यात तिथले लाकूड तडकते.

खेळून मात्र नक्की पाहा. तिचे तोंड सुमारे ७० चौरस इंचाचे, आजच्या रॅकेटचे १०० च्या आसपास. चेंडू मधोमध लागला नाही की मनगटाला लगेच कळते. जोरदार टॉपस्पिन तिच्याने निघत नाही. मार्गारेट कोर्ट आणि बिली जीन किंग यांनी १९७० चा विम्बल्डन अंतिम सामना अशाच रॅकेटींनी १४-१२, ११-९ असा खेळला. ४६ गेम झाले, कारण तेव्हा विम्बल्डनला टायब्रेकर नव्हता.

प्रश्न : त्या काळात आपल्याकडची कोणी होती का? – पारोळा

होती, आणि बरीच आधी. मुंबईच्या लीला राव यांनी १९३४ मध्ये विम्बल्डनच्या एकेरीत पहिल्या फेरीचा सामना जिंकला. असा सामना जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. संस्कृत लेखिका पंडिता क्षमा राव या त्यांच्या आई, आणि त्याही टेनिस खेळत.

प्रश्न : आमच्या संस्थेला मातीचे कोर्ट करायचे आहे, म्हणजे मुलींना लांब रॅलीची सवय लागेल. जमीन काळी आहे. – चोपडा

विचार योग्य आहे, पण काळ्या मातीवर थेट काही अंथरू नका. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे दोन पावसाळ्यांत पृष्ठभाग लाटांसारखा होतो. पॅरिसच्या कोर्टांवर दिसतो तो लाल थर विटांच्या भुकटीचा असतो आणि जाडी जेमतेम एक-दोन मिलिमीटर. त्याखाली चुनखडीचा चुरा, त्याखाली कोळशाची खंगर (जळून उरलेले खडे) आणि तळाला दगडांचा जाड थर. सगळे काम हे खालचे थर करतात, कारण पाणी तिथूनच निथळते.

एकूण जागा १२० बाय ६० फूट धरा. त्यात खेळाची आखणी ७८ बाय ३६ फूट. बाकी जागा धावायला लागते, आणि मागची मोकळी जागा कमी केली तर लांब रॅलीचा खेळ तिथे होणारच नाही. काळी माती खणून काढा, तळाला दगड, वर मुरूम थराथराने पाणी मारून दाबा. उतार एकाच दिशेला, ३० फुटांना सुमारे एक इंच. मध्यावर उंचवटा ठेवू नका. चहूबाजूंनी चर काढा, नाहीतर शेजारच्या काळ्या मातीतले पाणी आडवे आत शिरते. नेट मधोमध ३ फूट आणि खांबांपाशी साडेतीन फूट. मे महिन्यात दिवसातून दोनदा पाणी शिंपडावे लागेल. सुकलेली भुकटी वाऱ्याने उडून गेली की खालचा मुरूम उघडा पडतो आणि टप्पा वेडावाकडा होतो. पाण्याची सोय आधी पक्की करा, विटांची भुकटी नंतर मागवा.