मिंटवर वायफाय दिसत नाही, एचपी १०२० छापत नाही: आधी काय, मग काय

पारोळ्याहून विचारलंय: सेतू केंद्रातल्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकलं, तर वायफायची यादीच येत नाही, आणि एचपी लेझरजेट १०२० ला सातबारा छापायला दिला की काम झाल्याचं दाखवतो, कागद मात्र बाहेर येत नाही. ड्रायव्हरची सीडी चालेल का?

सीडी नाही चालणार, भाऊ, ती विंडोजची. लिनक्सचे बहुतेक ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच असतात. बाहेरून आणावे लागतात ते मोजकेच, आणि तुमचा प्रिंटर नेमका त्यातला.

वायफायची चिप आधी ओळखा. टर्मिनलमध्ये, म्हणजे आदेश टाइप करायच्या खिडकीत, 'एलएसपीसीआय -एनएनके' द्या. सगळी अक्षरं छोटी, इंग्रजीत, हायफनच्या आधी एक स्पेस. 'नेटवर्क कंट्रोलर'च्या ओळीत शेवटच्या चौकोनी कंसातला आकडा १४ई४ ने सुरू झाला तर चिप ब्रॉडकॉमची. तिच्याखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळच नसेल, तर ड्रायव्हर लागलेला नाही. ओळ आहे आणि तरी वायफाय बंद, तर 'आरएफकिल लिस्ट' बघा. 'हार्ड ब्लॉक्ड'पुढे 'येस' दिसलं तर वायफायचं बटण किंवा एफएनची की दाबायची राहिली आहे.

ड्रायव्हर उतरवायला नेट लागतं आणि नेटसाठी ड्रायव्हर! म्हणून मोबाइल केबलने जोडा आणि मोबाइलच्या सेटिंगमधलं यूएसबी टेदरिंग चालू करा. लॅपटॉपवर 'वायर्ड' जोडणी येईल. नाही आली तर केबल बदला. पुष्कळ स्वस्त केबली फक्त चार्जिंगच्या असतात. मग 'सुडो एपीटी अपडेट' द्या, ड्रायव्हर मॅनेजर उघडा, ब्रॉडकॉमसमोरचा 'बीसीएमडब्ल्यूएल-कर्नल-सोर्स' निवडा आणि लॅपटॉप रीस्टार्ट करा. बॅटरी बसलेली असेल तर लोडशेडिंगची वेळ टाळून हे करा. मध्येच वीज गेली तर 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' दिल्यावर अर्धवट राहिलेलं काम पुरं होतं.

बहुतेक लोक अडकतात ते सिक्युअर बूटपाशी, म्हणजे मान्यता नसलेला ड्रायव्हर चालू न देणाऱ्या कुलपापाशी. तो चालू असेल तर ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि रीस्टार्टनंतर निळा पडदा येतो. तो जेमतेम १० सेकंद थांबतो. लगेच कुठलीही की दाबून 'एनरोल मॉक', 'कंटिन्यू', 'येस' असं जा आणि तोच पासवर्ड द्या. टाइप करताना तो दिसत नाही. हा पडदा हुकला तर ड्रायव्हर बसलेला दिसतो, पण कर्नल त्याला आत घेत नाही. लॅपटॉपवर फक्त मिंटच असेल तर बायोसमधून (लॅपटॉप सुरू होतानाच उघडायच्या सेटिंगमधून) सिक्युअर बूट सरळ बंद करा. सोबत विंडोज असेल तर बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्कवरच्या कुलपाची) रिकव्हरी की हाताशी ठेवल्याशिवाय त्याला हात लावू नका.

व्हिडिओत बघून कुठलाही सोर्स कोड उतरवून 'मेक' मारू नका. त्यातून ड्रायव्हर चालू कर्नलपुरताच बनतो, पुढच्या कर्नल अपडेटला वायफाय पुन्हा गायब. वर सांगितलेलं पॅकेज डीकेएमएसवर चालतं, म्हणजे नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर आपोआप पुन्हा बांधला जातो.

आता प्रिंटर. १०२० मध्ये फर्मवेअर, म्हणजे प्रिंटर चालवणारा आतला प्रोग्राम, कायम राहत नाही, वीज आली की दर वेळी संगणकाने ते पाठवावं लागतं. ते एचपीच्या प्लगइनमध्ये असतं, म्हणून नेट सुरू झाल्यावर 'एचपी-प्लगइन -आय' द्या, 'डी' दाबून उतरवा आणि परवान्याला 'वाय' म्हणा. आदेशाआधी सुडो लावू नका, पासवर्ड तो आदेश स्वतः मागतो. मग जुना प्रिंटर यादीतून काढून नव्याने जोडा आणि ज्या ड्रायव्हरच्या नावात 'एचपीकप्स' व 'रिक्वायर्स प्रोप्रायटरी प्लगइन' आहे तोच निवडा. लोडशेडिंगनंतर कागद पुन्हा अडला तर प्रिंटर चालू ठेवून यूएसबी काढून परत लावा, फर्मवेअर पुन्हा जातं. एचपीलिप (लिनक्सवरचं एचपीचं प्रिंटर सॉफ्टवेअर) अपडेट झाल्यावर तेच प्लगइन परत टाकावं लागतं, कारण दोन्हींची आवृत्ती जुळावी लागते.

वायफाय कशानेच नाही जमलं आणि जळगावला यूएसबीत लावायचा वायफाय डोंगल घ्यायला निघालात, तर डब्यावरची आवृत्ती वाचा. टीपी-लिंकच्या डब्ल्यूएन७२२एन मध्ये पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप आहे, ती लावताच चालते. दुसरीपासून चिप रियलटेकची, नाव मात्र तेच.