लाउडा फुजीला घाबरला होता का?

प्रश्न : परवा मुलाबरोबर ‘रश’ हा सिनेमा पाहिला. मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. तो म्हणतो, एवढा भाजूनही परत आलेला फॉर्म्युला वन मोटार शर्यतींतला ड्रायव्हर निकी लाउडा 1976 च्या हंगामातल्या शेवटच्या शर्यतीत घाबरला आणि हातातलं जेतेपद घालवून बसला. मला ते पटलं नाही, पण त्याला उत्तर देता आलं नाही. आणि लाउडा नि त्याचा प्रतिस्पर्धी ड्रायव्हर जेम्स हंट खरंच एकमेकांचे एवढे वैरी होते का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आधी दुसरा प्रश्न, कारण त्याचं उत्तर सोपं आहे. वैरी नव्हते. फॉर्म्युला थ्री या खालच्या पातळीवरच्या शर्यतींच्या दिवसांपासून दोघांची ओळख होती, लंडनमध्ये काही काळ ते एकाच घरात राहिलेही होते. दोन मित्र एकमेकांना हरवायला धडपडतात हे पडद्यावर दाखवणं अवघड, वैर दाखवणं सोपं. दिग्दर्शक रॉन हॉवर्डने तो सोपा रस्ता घेतला, याचं मला आजही वाईट वाटतं. हंट एका पत्रकाराला बदडून काढतो, तो प्रसंगही रचलेला आहे. डॅनियल ब्रूलचा लाउडा मात्र अस्सल. त्याच्यासाठी मी हा सिनेमा तीनदा पाहिला.

आता तुमच्या मुलाचा मुद्दा. त्याला 1 ऑगस्ट 1976 पासून सुरुवात करायला सांगा. जर्मनीतला नुर्बुर्गरिंगचा ट्रॅक तेव्हा जवळपास 23 किलोमीटर लांब होता, आणि एवढ्या लांबीवर आग विझवणारी माणसं वेळेत पोचणं शक्यच नव्हतं. तिथे शर्यत नको, असं लाउडा म्हणत होता. तो हळू होता म्हणून नव्हे. आदल्याच वर्षी त्या ट्रॅकवर सात मिनिटांच्या आत फेरी पूर्ण करणारा तो पहिला ड्रायव्हर ठरला होता. चालकांच्या बैठकीत बहुमत त्याच्या विरोधात गेलं, तेव्हा तोही शर्यतीत उतरला. दुसऱ्याच फेरीत गाडी आदळून पेटली. डोक्यावरचं हेल्मेट निघून गेलं. त्याला बाहेर ओढलं ते आग विझवणाऱ्यांनी नाही, मागून आलेल्या चार ड्रायव्हरांनी : मेरझारिओ, एडवर्ड्स, लंगर आणि एर्टल. चेहरा भाजला होताच, पण जीवाला खरा धोका होता तो फुप्फुसात गेलेल्या विषारी धुराचा. इस्पितळात पाद्री येऊन मरणाच्या दारातल्या माणसासाठीची शेवटची प्रार्थना करून गेला.

बेचाळीस दिवसांनी हा माणूस इटलीतल्या मोंझाच्या शर्यतीत पुन्हा आपल्या फेरारी गाडीत बसला आणि चौथा आला. हेल्मेट काढताना जखमांवरच्या पट्ट्या रक्ताने भिजलेल्या असायच्या.

मग आली जपानमधल्या फुजी ट्रॅकवरची शेवटची शर्यत, 24 ऑक्टोबर. हंगामाच्या एकूण गुणांत लाउडा हंटच्या तीन गुणांनी पुढे. धो धो पाऊस, ट्रॅकवर पाण्याची तळी, पुढच्या गाडीच्या चाकांतून उडणाऱ्या पाण्याचा पडदा. त्यात पापण्या भाजल्यामुळे त्याचे डोळे नीट मिटत नव्हते. दोन फेऱ्या करून तो आत आला आणि उतरला. फेरारीचे मुख्य इंजिनिअर फोर्गिएरी त्याला वाचवायला तयार होते, म्हणाले की इंजिनात बिघाड झाला असं सांगू. लाउडाने नको म्हटलं. गाडी ठीक आहे, थांबायचं मीच ठरवलंय, हेच सांगा. तुमच्या मुलाला सगळ्यात आधी हे सांगा. घाबरलेल्या माणसाला पळवाट हवी असते. इथे ती कुणी तरी हातात आणून दिली होती, आणि त्याने घेतली नाही. त्या दिवशी फिटिपाल्डी आणि पाचे या ड्रायव्हरांनीही गाड्या थांबवल्या होत्या. हंट तिसरा आला आणि 69 विरुद्ध 68 असा एका गुणाने विश्वविजेता झाला. लाउडा तोवर विमानतळाकडे निघूनही गेला होता.

माझे वडील प्रवासी गाडी चालवायचे. मी आठवीत असताना एका जुलैत कुंभार्ली घाटात धुकं असं उतरलं की बोनेटच्या पुढचं दिसेना. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि पहाटेपर्यंत हलवली नाही. मागून माणसं ओरडत होती, एकाने तर त्यांना बायल्या म्हटलं. मी पुढच्याच सीटवर होतो. वडील मागे वळले नाहीत, हँडब्रेकवर हात ठेवून बसून राहिले. फुजीचा प्रसंग पाहताना मला दर वेळी तो हात दिसतो.

सिनेमा जवळजवळ तिथेच संपतो, त्यामुळे पुढचं राहून जातं. 1977 मध्ये लाउडाने जेतेपद परत घेतलं. 1979 मध्ये शर्यती सोडून विमान कंपनी चालवली, 1982 मध्ये परत आला, आणि 1984 मध्ये ॲलन प्रोस्टला अर्ध्या गुणाने हरवून तिसऱ्यांदा विश्वविजेता झाला.

चेहऱ्यावर नंतर शस्त्रक्रिया करून घेतली ती फक्त पापण्यांपुरती, डोळे मिटावेत म्हणून. जळालेला कान त्याने तसाच ठेवला, 2019 मध्ये जाईपर्यंत.