कळवळा आहे, पण वरिष्ठ कोण आहेत?

नमस्कार ताई,

मुलगी मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि रस्त्यावर राहणाऱ्या, मानसिक आजार आणि व्यसन दोन्ही मागे लागलेल्या माणसांसाठी काम करायचं म्हणते. तुम्ही विचारता, ‘या लष्कराच्या भाकऱ्या भाजून तिचं पोट भरेल का? आणि तिला काही झालं तर?’

पगाराचं आधी उरकते. सुरुवातीला तो बेताचाच असतो. बरीच पदं अनुदानावरच्या प्रकल्पांत असतात, प्रकल्प संपला की पदही जातं. म्हणून सोशल वर्क किंवा क्लिनिकल सायकॉलॉजीचं पदव्युत्तर शिक्षण तिने टाळू नये.

पण भाकऱ्यांचं मला पटलं नाही. हे कसबाचं काम आहे. समजा, एखादा माणूस रात्रीची गोळी घेत नाही. आपण म्हणतो, हट्टी आहे. खरं तर त्या गोळीने गाढ झोप लागते, आणि उघड्यावर गाढ झोपलेल्याची पिशवी जाते, कधी मारही बसतो. हे ज्या कार्यकर्तीला उमगतं, ती डॉक्टरांशी बोलते. काही औषधं महिन्यातून एकदा इंजेक्शननेही देता येतात. दारूचंही तसंच. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने ती एकदम सोडली तर झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. ‘आजपासून बंद’ असं बजावणारी भाबडी माया इथे घातक ठरते.

पूर्वी रीत अशी होती की आधी व्यसन सोडा, उपचार घ्या, मग घर मिळेल. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने ती उलटी केली: आधी घर, मग बाकीचं. कॅनडाने २००९ पासून पाच शहरांत दोन हजारांहून अधिक लोकांना घेऊन ही पद्धत तपासली. घर मिळालेले बरेच जण घरात टिकले. व्यसन आणि आजाराच्या लक्षणांत मात्र नेहमीच्या सेवांपेक्षा फारसा फरक दिसला नाही. हे मुलीला जरूर वाचायला सांगा. ‘मी त्यांना बरं करीन’ या आशेवर आलेली मुलं वर्षभरात गळतात. तीन महिने तोंड फिरवणारा माणूस एक दिवस नाव सांगतो, हीच कमाई मानणारी टिकतात. तिला मी एवढंच विचारेन: ज्याने काल शिवी दिली, त्याच्याकडे पुढच्या मंगळवारी ठरल्या वेळी जाशील का?

तुमची भीती रास्त आहे. अशा आजारी माणसांकडून इतरांना होणाऱ्या त्रासापेक्षा त्यांनाच होणारा त्रास जास्त असतो. तरी धोका शून्य नाही. म्हणून नोकरी घेण्यापूर्वी तिने संस्थेला विचारावं: फेरीला दोघं जातात की एकटीला पाठवता? एका कार्यकर्तीकडे किती माणसं सोपवता? सघन सेवा देणाऱ्या, म्हणजे प्रत्येकाकडे वारंवार जाऊन लक्ष पुरवणाऱ्या पथकांत हे प्रमाण साधारण दहा माणसांमागे एक कार्यकर्ती असं असतं. चाळीस म्हणाले तर ती सेवा फक्त कागदावर राहते. एखादा मृत्यू झाला, तर दुसऱ्या दिवशी तिच्याशी बोलायला कोण वरिष्ठ बसतात?

या शेवटच्या प्रश्नावर समोरचे गोंधळले, तर तिथे रुजू होऊ नको म्हणावं. दुसरी संस्था शोधू, मला कळवा.